प्रज्ञा आणि सापिएन्शिया

प्रश्न असा आहे : मध्ययुगीन ख्रिस्ती ग्रंथांतल्या ‘सापिएन्शिया’ला (इंग्रजीत ‘विज्डम’) मराठीत ‘प्रज्ञा’ म्हणावे का?

माझे मत, म्हणू नये. लॅटिनमधला हा शब्द ‘चव घेणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे आणि मध्ययुगातले लेखक ते विसरले नव्हते. सातव्या शतकातला सेव्हिलचा बिशप इसिदोर सांगतो, जीभ जशी अन्नातला फरक ओळखते तसा शहाणा माणूस गोष्टींतला आणि त्यांच्या कारणांतला फरक ओळखतो. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस सापिएन्शिया पवित्र आत्म्याच्या, म्हणजे माणसात वास करणाऱ्या ईश्वराच्या, सात दानांत धरतो. त्याच्या मते तिचे स्वरूप बुद्धीत असते, पण कारण इच्छेत, म्हणजे ईश्वरावरच्या प्रेमात. म्हणून घोर पाप करणाऱ्याजवळ हे दान टिकत नाही, मग तो कितीही विद्वान असो.

बौद्ध ‘प्रज्ञा’ (पालीत ‘पञ्ञा’) कोणी देत नाही. ती ऐकून, चिंतन करून आणि भावनेने, म्हणजे ध्यानाच्या अभ्यासाने, येते. पाचव्या शतकातला पाली भाष्यकार बुद्धघोष याचा ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथातला दाखला मला फार आवडतो. समोर नाण्यांची रास आहे. लहान मुलाला नुसते रंग आणि आकार दिसतात, खेडुताला त्यांचा व्यवहारातला उपयोगही कळतो. सराफ मात्र खरे-खोटे पारखतो, नाणे कुठे पाडले हेसुद्धा सांगतो. संज्ञा (नुसती ओळख), विज्ञान (विषयाची जाण, आजच्या अर्थाचे ‘सायन्स’ नव्हे) आणि प्रज्ञा यांतला फरक बुद्धघोष असा समजावतो. प्रज्ञेने उमगते ते अनित्य, दुःख, अनात्म (कशातच कायमचा ‘मी’ नाही). जिची गोडी लागावी अशी वस्तू तिथे नाहीच.

प्रेमाची जागाही वेगळी. अक्वायनसकडे ते सापिएन्शियाचे मूळ आहे. महायानात करुणा प्रज्ञेची जोडीदार आहे, दोन्ही वेगवेगळ्या जोपासायच्या. बाबासाहेबांमुळे महाराष्ट्रात रुळलेल्या ‘प्रज्ञा, शील, करुणा’ या त्रयीतही तीन शब्द लागतातच. (‘स्थितप्रज्ञ’ कानावर असल्याने मराठी वाचकाला प्रज्ञेत आधी स्थैर्य ऐकू येते, ही आणखी एक अडचण.)

मग पर्याय कोणता? ‘ज्ञान’ चालणार नाही. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनने शाश्वताचे चिंतन ते ‘सापिएन्शिया’ आणि ऐहिक गोष्टींची जाण ती ‘सिएन्शिया’ असे वेगळे केले आहे, आणि ‘ज्ञान’ त्या दुसरीसाठी राखून ठेवावे लागते. ‘सुज्ञता’ कोरडी वाटते. मी ‘शहाणपण’ वापरेन, आणि सात दानांपैकी एक म्हणून आले तर ‘दैवी शहाणपण’.