प्राण्यांमध्ये एका मादीला अनेक नर असतात का? माणसांत अशी पद्धत असेल तर तिथे बाईचं राज्य असतं का?

पहिल्याचं उत्तर हो, आणि ते बघायला लांब जायची गरज नाही, पावसाळ्यात एखाद्या शिंगाड्याच्या तळ्यावर जा. माझं आजोळ भंडाऱ्याकडचं, तिथे पानांवरून चालणारा कमळपक्षी दिसतो, ब्राँझ विंग्ड जकाना. बोटं इतकी लांब की वजन पसरतं अन् पान बुडत नाही. यात मादी नरापेक्षा चांगली मोठी असते, तिच्या हद्दीत कधी कधी चार-चार नर असतात, ती एकाच्या घरट्यात चार अंडी घालून देते आणि पुढच्याकडे जाते, उबवणं आणि पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. हद्दीसाठी भांडतात त्या माद्याच. एकदा सकाळी मी बघत होते, नराला कसली तरी चाहूल लागली, तो जरा खाली बसला, पिल्लं पंखाखाली शिरली आणि तो उठून चालायला लागला तर दोन्ही बाजूंनी पिल्लांचे लांब लांब पाय लोंबत होते! मी तो प्रसंग अजून विसरले नाहीये.

पाण्यावरची घरटी बुडतात, अंडी खाल्ली जातात, मादी मोकळी असली की ती लगेच पुन्हा अंडी घालू शकते. म्हणून ही पद्धत टिकली असावी.

आता माणसांचं. द्रौपदीचं उदाहरण सगळे देतात पण हिमाचलातलं किन्नौर, उत्तराखंडातलं जौनसार-बावर, तिबेट इथे सख्ख्या भावांची मिळून एक बायको ही खरोखरची रीत होती. कारण जमीन. डोंगरातलं तुकडाभर शेत, चार भावांची चार लग्नं झाली तर वाटण्या होऊन हातात काहीच उरत नाही, एक बायको म्हणजे एक चूल, एक वारसा. शिवाय एक भाऊ मेंढ्या घेऊन वर गेला की दुसरा शेतावर. हिमाचलात सिरमौरच्या हाटी समाजात याला जोडीदारा म्हणतात, जुलै २०२५ मध्ये तिथे दोन भावांनी एकाच मुलीशी जाहीर लग्न केलं तेव्हा देशभर बातम्या झाल्या.

पण इथे कमळपक्ष्याशी तुलना करू नका प्लीज, मला ते मनापासून खटकतं. ती मादी स्वतः हद्द राखते आणि पिल्लांपासून मोकळी असते. या घरांत जमीन भावांच्याच नावावर राहते, मुलगी त्यांच्या घरी नांदायला येते आणि चूल, शेत, गुरं, पोरं सगळं तिच्याच अंगावर पडतं.