विद्यापीठाच्या कारभारात प्राध्यापकांचं कोणी ऐकतं का?

तुम्ही विचारलंय, 'नुकताच सहायक प्राध्यापक म्हणून लागलोय. सगळे सिनेटच्या, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेच्या, निवडणुकीत मत द्या म्हणतात. त्याने काही बदलतं, की कुलगुरूच सगळं ठरवतात?'

मत जरूर द्या. पण सुरुवात कॉलेजातूनच करा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मधलं कलम ९७ वाचा. महाविद्यालय विकास समितीवर तीन शिक्षक निवडून जातात, त्यांत किमान एक महिला. वर्षातून निदान चार बैठका घ्याव्याच लागतात. कॉलेजचं अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, सगळं तिच्यासमोर येतं. महिलेची जागा भरायची म्हणून माझं नाव पुढे आलं आणि मी निवडून गेले. पहिल्या वर्षी कागद बैठकीतच हातात पडायचे. एकदा विनाअनुदानित अभ्यासक्रमाचा विषय निघाला. शिकवणार कोण, असं मी विचारलं. 'नंतर बघू' म्हणाले, आणि इतिवृत्तात आलं 'एकमताने मंजूर'. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करताना मी लेखी दिलं, की माझा प्रश्न नोंदवा. बरीच कुजबुज झाली, पण नोंद झाली. त्यानंतर विषयपत्रिका आठ दिवस आधी मिळू लागली.

आता सिनेट. तिथे संलग्न कॉलेजांतल्या शिक्षकांचे दहा प्रतिनिधी असतात. मतदान पसंतीक्रमाने होतं, त्यामुळे एकाच नावापुढे आकडा लिहून थांबू नका. व्यवस्थापन परिषदेवर सिनेटमधून दोनच शिक्षक जातात, तरी पैशांचे निर्णय तिथे होतात. उमेदवाराला 'मागच्या अंदाजपत्रकावर तुम्ही काय बोललात?' हे विचारा.

तुमची शंका अगदीच चुकीची नाही. आधीच्या, १९९४च्या विद्यापीठ कायद्यात अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखांचे प्रमुख, निवडून यायचे, आता नेमले जातात. विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर संलग्न कॉलेजांतले तीनच विभागप्रमुख निवडून येतात. ज्याला वर्गात शिकवायचंय त्यानेच अभ्यासक्रम ठरवावा असं मला मनापासून वाटतं, आणि या बाबतीत आपण मागे गेलो आहोत.

सगळ्यात जास्त सलतं ते तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, सहकाऱ्यांचं. तेही आपल्यासारखेच वर्ग घेतात, पेपर तपासतात. पण कायद्याच्या व्याख्येत शिक्षक म्हणजे पूर्णवेळ मान्यताप्राप्त, म्हणून त्यांना मतच नाही. तुम्हाला आहे. समितीवर गेलात तर त्यांच्या मानधनाचा विषय तुम्हीच काढा.

या आठवड्यात प्राचार्यांकडे मागच्या चार बैठकांची इतिवृत्तं वाचायला मागा.