बदली कुणाची, रजा कुणाची?

प्रश्न : मी औसा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत अकरा वर्षांपासून शिक्षिका आहे. यजमान लातुरात खासगी कंपनीत होते. बढतीवर त्यांची पुण्याला बदली झाली असून त्यांचा पगार आता माझ्या जवळजवळ दुप्पट आहे. मुलगा सहा वर्षांचा आहे. मी दोन वर्षे बिनपगारी रजा घेऊन पुण्याला जावे, असे सासरी सर्वांचे मत आहे. हिशेबाने ते पटते, तरी मन का मानत नाही?
— एक शिक्षिका, लातूर जिल्हा

उत्तर : कारण हिशेब अर्धाच मांडला गेला आहे. दोन पगार शेजारी ठेवून मोठा राखायचे ठरले, पण तो मोठा कशाने झाला, हे कुणी विचारले नाही. २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांची मांडणी अशी की, वेळी-अवेळी हजर राहणाऱ्याला काही नोकऱ्यांत तासामागेही जास्त पैसे मिळतात. मूल झाल्यावर अशी नोकरी दोघांपैकी एकालाच पेलते, कारण तापलेल्या लेकराजवळ कुणीतरी थांबावेच लागते, आणि बरोबरीचे शिक्षण असूनही मिळकतीतली दरी तिथून रुंदावते. यजमान रात्री नऊपर्यंत कार्यालयात थांबत, तेव्हा मुलाला बालवाडीतून कोण आणत होते? (२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाला बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषांची ८८ भरली, तीही घरकाम करणाऱ्या पुरुषांचीच.)

बिनपगारी असाधारण रजेचा काळ सर्वसाधारणपणे वार्षिक वेतनवाढीसाठी धरला जात नाही. म्हणजे परतल्यावर तुमचा पगार आणखी मागे असेल आणि पुढच्या बदलीच्या वेळी ‘तुझाच कमी आहे’ हे वाक्य अधिक खरे ठरेल. शिवाय बदल्यांतील पती-पत्नी एकत्रीकरणाची सवलत सरकारी-निमसरकारी जोडीदारांपुरती असल्याने त्या वाटेने तुम्हाला पुणे मिळणार नाही.

मात्र वेगळे राहणेही फुकट नसते; शाळा, मूल आणि सासूबाईंचे औषधपाणी एकटीने ओढताना त्याची किंमत तुमचे शरीर मोजेल. म्हणून आधी यजमानांनी कंपनीला आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागावे, आणि नकार मिळाल्यास एक शैक्षणिक वर्ष शुक्रवारी रात्रीच्या गाडीने त्यांनी यावे. त्यानंतरही रजाच घ्यायची ठरली, तर थांबलेल्या पगाराची निम्मी रक्कम तरी दरमहा केवळ तुमच्या नावावरील खात्यात जमा व्हावी. हे सारे रजेचा अर्ज देण्यापूर्वीच, सासू-सासऱ्यांसमोर ठरवून घ्या.