ठमीचं वजन कुणी केलंच नाही

"मॅडम, मांजर गेल्यावर किती दिवस रडलं तर चालतं?"

फोनवरचा हा पहिला प्रश्न, अपॉइंटमेंट मागायच्याही आधीचा. विचारणाऱ्या ताई एकसष्ट वर्षांच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. मी समुपदेशन करते, त्यामुळे अशा चौकशा माझ्याकडे अधूनमधून येतात. कुणाचा कुत्रा गेलेला असतो, कुणाचा पोपट. आणि या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न दडलेला असतो: माझ्यामुळे गेलं का? ताईंची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे. ठमीचं नाव तेवढं बदलू नका, म्हणाल्या.

ठमी सोळा वर्षांची होती. मुलगी शाळेत असताना पावसात जिन्याखाली सापडलेलं पिल्लू. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली, ठमी ताईंकडे राहिली. गेल्या उन्हाळ्यात ती पाणी फार प्यायला लागली. वाटीतलं संपवायचं आणि मग बाथरूममधल्या बादलीवर पुढचे पाय टेकून लपालप प्यायचं. अंगाने उतरली. जूनमध्ये मागचा पाय ओढत चालायला लागली, तेव्हा ताई तिला झाकणाच्या टोपलीत घालून जवळच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी तिला टोपलीतून पूर्ण बाहेर काढलंच नाही. खांद्याला मान लावून फोन चालू, एका हाताने पाय दाबून पाहिला. "पाणी खूप पिते हो ही," ताई म्हणाल्या. "उन्हाळा आहे, आपण नाही का पीत?" असं उत्तर मिळालं. मग सलग तीन दिवस दुखणं थांबवायचं इंजेक्शन. चौथ्या दिवशी ठमीने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या. सहाव्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात हे सांगणारा आकडा, अकराच्या वर. मांजरात पाचच्या वर गेलं की मूत्रपिंडाच्या आजाराचा शेवटचा टप्पा मानतात. त्याच रात्री ती गेली.

आठवड्याने ताई पहिल्या दवाखान्यात गेल्या. भांडायला नाही, सुट्टे नव्हते म्हणून राहिलेले दोनशे रुपये द्यायला. डॉक्टर म्हणाले, "सोळा वर्षं म्हणजे बोनसच की. दुसरं पिल्लू आणा, बरं वाटेल." ताईंनी पैसे दिले आणि घरी आल्या. बोलायचं ते सगळं जिना चढताना सुचलं.

पहिल्या भेटीत माझीही एक चूक झाली. एवढं सगळं ऐकून मी चटकन म्हणाले, "ताई, यात तुमची काहीच चूक नाही." त्यांनी मान डोलावली, पर्सची चेन लावली आणि उरलेली वीस मिनिटं मुलीच्या नोकरीबद्दल बोलत राहिल्या. दार मीच लोटून घेतलं होतं. घाईने घातलेली समजूत समोरच्याला 'बास आता' अशीच ऐकू येते, हे इतक्या वर्षांनीही माझ्याकडून कधीकधी निसटतं.

घरात त्यांना तेच ऐकायला मिळत होतं. यजमान काही वाईट नाहीत. मुलीच्या जुन्या ओढणीत गुंडाळून ठमीला पुरून तेच आले. पण तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, मांजर होतं." माणूस गेलं की आपल्याकडे सुतक असतं, शेजारून पिठलं-भात येतो, दहा दिवस कुणी 'कशी आहेस' म्हणून दारात उभं राहतं. मांजराला सुतक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला नेहमीसारखा विचारतो, "एक पिशवी जास्त ना?" केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तक संपादित केलं: तोटा खरा असतो, पण तो तोटा म्हणून मोजायला भोवतालचे तयार नसतात. मग ते दुःख चोरून करावं लागतं. ताई गॅलरीत कपडे वाळत घालायच्या निमित्ताने रडत.

दुसऱ्या भेटीत मी फक्त विचारलं, "तारखा आठवतात?" ताईंनी कापडी पिशवीतून कालनिर्णयची दोन पानं काढली. बँकेतल्या माणसाचं अक्षर. १९ मेच्या चौकटीत, 'ठमी पाणी फार'. २६ मेला, 'सिलिंडर आला. ठमी ३ वाट्या'. आणि मग थेट ११ जून, 'दवाखाना'.

"तेवीस दिवस," त्या म्हणाल्या. मोजलेच होते. त्या काळात मुलगी नातवाला घेऊन सुट्टीला आली होती, घर भरलेलं होतं. ठमीला दाखवू, दाखवू म्हणत राहून गेलं.

या वेळी मी 'नाही नाही' म्हटलं नाही. "हो, तेवीस दिवस थांबलात तुम्ही," असं म्हणाले आणि गप्प बसले. ताई रडल्या, पण पहिल्या दिवशीसारख्या नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुणीतरी हो म्हणालं. सगळे नाहीच म्हणत होते."

मग आम्ही त्या पानांवर पेन्सिलने प्रत्येक तारखेपुढे एवढंच लिहिलं: त्या दिवशी ताईंना काय माहीत होतं. १९ मेला माहीत होतं की ऊन आहे आणि मांजर पाणी पितंय. मूत्रपिंड हा शब्द १९ मेला त्या घरात नव्हताच. आज माहीत असलेलं उचलून मे महिन्यात नेऊन ठेवायचं आणि तिथे उभ्या असलेल्या स्वतःला फटकारायचं, हे आपण सगळेच करतो. ११ जूनपुढे मात्र ताईंनी स्वतःच लिहिलं, 'डॉक्टरांना पाण्याचं सांगितलं'. त्यावर बोट ठेवून दोनदा म्हणाल्या, "मी सांगितलं होतं." एकाच ओझ्याची तिथे दोन गाठोडी झाली. तेवीस दिवसांचं त्यांचं. पुढचं सगळं त्यांचं नव्हतं.

वैद्यकीय भाग माझ्या विषयाबाहेरचा. म्हणून ताईंच्या संमतीने मी ओळखीच्या एका पशुवैद्य बाईंना विचारलं. म्हातारपणी मांजरांची मूत्रपिंडं थकणं फार नेहमीचं आहे, त्या म्हणाल्या. तहान वाढलेली आपल्याला दिसते, तोवर साधारण दोन तृतीयांश काम बंद पडलेलं असतं आणि गेलेलं परत येत नाही. वेळेत कळलं तर खाणं बदलून, कातडीखाली सलाइन देऊन काहींना महिने मिळतात, काहींना वर्षं. ठमीला किती मिळाले असते, हे कुणीच सांगू शकणार नाही.

राहिलं ते इंजेक्शन. बिलावर नुसतं 'इंजेक्शन ३' होतं. केसपेपरची प्रत हवी, असं साधं पत्र ताईंनी लिहिलं. यजमान स्कूटरवरून सोबत गेले, याचं मला फार बरं वाटलं. दुसऱ्या खेपेला झेरॉक्स मिळाली. रुग्णाच्या नावापुढे 'मांजर, मादी'. औषध मेलॉक्सिकॅम, तीन तारखा. वजनाचा रकाना कोरा. या औषधाचा डोस वजनावर ठरतो, आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्या, अंगातलं पाणी कमी झालेल्या जनावराला ते धोक्याचं आहे. मांजरांना ते पुन्हा पुन्हा दिल्यास मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये त्याच्या माहितीपत्रकावर घालायला लावला. ठमीच्या बाबतीत आजाराचा वाटा किती आणि इंजेक्शनचा किती, हे आता वेगळं काढता येणार नाही. पण वजन न करता डोस कशावरून ठरवला, हे नक्की विचारता येतं.

ताई त्या रकान्याकडे बघत म्हणाल्या, "कोऱ्या व्हाउचरवर आम्ही कुणाला दहा रुपये दिले नसते."

पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात राग होता. तोवर तो सगळा राग स्वतःवरच निघत होता. तक्रारीचे रस्ते मी सांगितले. राज्य पशुवैद्यक परिषदेकडे डॉक्टरच्या वागणुकीबद्दल लेखी तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, वकील नसला तरी चालतं. तक्रार करा किंवा करू नका, यातलं काहीही मी सुचवलं नाही. खोळंबलेली रांग, एकटा डॉक्टर, पंख्याखाली भुंकणारे चार कुत्रे, हे मीही पाहिलंय. पण त्यामुळे वजन करणं टळत नाही.

ज्यांच्या घरी म्हातारं मांजर आहे, त्यांनी दवाखान्यात दर वेळी वजन करून लिहून घ्यावं. दहा वर्षांपुढच्या मांजराला भूल किंवा दुखण्यावरचं औषध देण्याआधी रक्त-लघवी तपासायची का, हे स्वतः विचारावं. औषधाचं नाव चिठ्ठीवर मागावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये, ती विष आहे.

किती दिवस रडायचं, याचा आकडा माझ्याकडे नाही. महिना-दोन महिने उमाळे येत राहिले तर मी काळजी करत नाही. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे सुटलं, किंवा जगण्यात राम नाही असं वाटायला लागलं, तर मात्र थांबू नका, डॉक्टर गाठा. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे.

ताई पाच वेळा आल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी नव्या वर्षाच्या कालनिर्णयचा फोटो दाखवला. जानेवारीत एका चौकटीत लिहिलं होतं, 'सिलिंडर नंबर लावणे'. त्याखाली, 'परिषदेला पत्र — ठरवणे'. ठरलं का, म्हणून मी विचारलं.

"आधी गॅस," ताई म्हणाल्या, आणि माझ्याकडे फीची पावती मागितली. रक्कम अक्षरी लिहा, असंही सांगितलं.