जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचा क्लच दाबूनही गिअर पडत नाहीत. गिअरबॉक्स उतरवावा लागेल का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस पुण्यातून घेतलीत, पावसाळाभर ती साताऱ्यात बरीचशी उभीच होती, आणि आता खंबाटकी चढताना गर्दीत पहिला आणि रिव्हर्स पडेनासे झालेत. पायडल कधी नेहमीसारखं लागतं, कधी मऊ. मेकॅनिकने "बॉक्स गेला, उतरवावा लागेल" असं सांगितलंय. आणि रविवारी घरच्यांना घेऊन कासला जायचंय, तर गाडी न्यावी का, हेही विचारलंय.

माझं साताऱ्यात गॅरेज आहे आणि या गाड्यांवर बरंच काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. बॉक्स उतरवू देऊ नका, निदान आत्ता तरी नाही. पायडल मऊ होणं आणि गिअरबॉक्स जाणं यांचा एकमेकांशी संबंधच नाही. बॉक्समधले दात तुटले, सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) झिजले, बेअरिंग ओरडायला लागलं तरी तुमच्या पायाला पायडल पूर्वीसारखंच लागणार. पायडलचा स्पर्श बदलला म्हणजे बिघाड पायडलपासून क्लचपर्यंतच्या रस्त्यात कुठेतरी आहे, आणि त्या रस्त्याचा बराचसा भाग बॉक्स न उतरवता तपासता येतो.

आधी इंजिन बंद ठेवून बघा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला. क्लच दाबून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाका. एखादा गिअर दातावर दात आल्यामुळे अडला तर क्लच सोडून पुन्हा दाबा, पडेल. आता इंजिन चालू करून तेच करा. बंद इंजिनावर सगळे गिअर पडतात आणि चालू इंजिनावर अडतात किंवा खर्र करतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. बॉक्स निर्दोष आहे असं समजून पुढे चला. उलट बंद इंजिनावरही गिअरचा दांडा अडत असेल तर गिअरच्या केबल, त्यांचे बुश, नाहीतर बॉक्सच्या आतलं काहीतरी.

मग पायडल भराभर दोन-तीनदा मारा आणि लगेच पहिला टाका. आता पडला ना? तर हायड्रॉलिकमध्ये (पायडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत) हवा आहे किंवा सिलिंडरचं रबर गेलंय. तुमचं "कधी मऊ, कधी बरं" हे वर्णन वाचून माझी पैज यावरच आहे.

या गाडीत क्लचला स्वतःची वेगळी बाटली नाही. बॉनेटखाली ब्रेक ऑइलची जी बाटली आहे, त्यातूनच एक नळी क्लचच्या मास्टर सिलिंडरला, म्हणजे पायडलपाशी तेलाला दाब देणाऱ्या सिलिंडरला जाते. ही नळी बाटलीच्या तळाच्या बरीच वर जोडलेली असते, म्हणजे क्लचकडून गळती झाली तरी ब्रेकसाठी थोडं तेल शिल्लक राहावं. त्यामुळे पातळी कमी झालीय आणि चारही चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या आहेत, तर संशय सरळ क्लचवर घ्या. झाकण उघडून तेलाचा रंगही बघा. नवीन डॉट ४ जवळजवळ पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं असतं. काळपट चहासारखं दिसत असेल तर ते कित्येक वर्षं बदललेलं नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून कंपनी ते दर २ वर्षांनी बदलायला सांगते. आपल्याकडचा पावसाळा आणि त्यात उभी गाडी, म्हणजे दोन वर्षंसुद्धा जास्तच. ओलीमुळे सिलिंडरच्या आत बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांवरून रबर घासत राहतं.

मास्टर सिलिंडर बघायला टॉर्च घेऊन ड्रायव्हरच्या पायाशी आडवं व्हावं लागतं, त्याला इलाज नाही. पायडलच्या वरच्या टोकाला जी दांडी सिलिंडरमध्ये जाते, तिच्या मुळाशी बोट फिरवा. बोट ओलं, निसरडं आलं आणि त्याला ब्रेक ऑइलचा तो उग्र वास आला तर मास्टर गेला. कधी कधी तेल पायडलच्या पात्यावरून ओघळत कार्पेटखाली जातं आणि वरून काहीच दिसत नाही, म्हणून कार्पेट उचलून खालचा फेल्टही दाबून बघा. आणि तिथे आडवे झालाच आहात तर पायाखालच्या मॅटही काढून टाका. कंपनीची एक, त्यावर ‘सेव्हन डी’वाली जाड एक, अशा थरावर पायडल टेकतं आणि क्लच शेवटपर्यंत दाबलाच जात नाही. अशी एक गाडी माझ्याकडे टोइंग करून आणली होती. मॅट काढली, गिअर पडले, मालक ओशाळून हसला आणि गाडी चालवत घेऊन गेला.

दुसरं टोक म्हणजे स्लेव्ह सिलिंडर, तेलाच्या त्या दाबाने क्लच सोडवणारा. नशिबाने तुमच्या ५ गिअरच्या बॉक्सवर तो बाहेरून बसवलेला आहे. याच जातकुळीतल्या ६ गिअरच्या बॉक्समध्ये तो आत, बेअरिंगसोबत असतो आणि त्याच्यासाठी बॉक्स उतरवण्याशिवाय गत्यंतर नसतं. तुमच्या गाडीत बॅटरी आणि तिचा ट्रे काढला की हात पोचतो. रबरी टोपी जरा सरकवून बघा. आतून तेल आलं तर सिलिंडर बदला. कोरडं असेल तर कोणालातरी पायडल दाबायला सांगून दांडी किती सरकते ते बघा. पायडल दाबून धरल्यावर दांडी हळूहळू माघारी येत असेल तर मास्टरच्या आतून तेल मागे पळतंय. ही गळती बाहेर थेंबभरही दिसत नाही, आणि नेमकी इथेच बॉक्सवर आळ येतो.

मास्टर किंवा स्लेव्ह यातला एक गेला की मी दुसराही बदलायला सांगतो. दोघांचं वय एकच, आणि नवीन मास्टरच्या दाबाने जुन्या स्लेव्हचं रबर लवकरच हार मानतं. सुटं रबर किट घालून आतल्या खड्ड्यांवर पांघरूण घालण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

हवा काढताना बाटली रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर ब्रेकमध्येही हवा शिरेल आणि एबीएसवाल्या गाडीत ते काम वाढवून बसाल. एकाने पायडल दाबायचं, दुसऱ्याने स्लेव्हवरचा हवा काढायचा निपल उघडून बंद करायचा, मगच पायडल सोडायचं. निपल उघडल्यावर पायडल तळाला पडून राहील, ते हाताने वर उचला. घाबरू नका, तुटलेलं नाही. तेल पेंटवर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग सोलवटतो. आणि बाटलीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं तेल चुकूनही नको, सगळी रबरं फुगतात.

आता तुमची गाडी पावसाळाभर उभी होती, त्यामुळे आणखी एक शक्यता. क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटते. यात पायडल अगदी ठणठणीत लागतं, पण क्लच मुळीच सुटत नाही, आणि गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारला की क्लच दाबलेला असूनही गाडी उडी मारते. तुमची गाडी अधूनमधून बरी चालते, म्हणजे तुमच्याकडे हे नसावं. असलंच तर इंजिन चांगलं तापवून मगच मेकॅनिकला सोडवू द्या. मोकळ्या मैदानात झटके देऊन सोडवायची जी युक्ती तुम्हाला पोवई नाक्यावर कोणीही सांगेल, ती या गाडीत मी करणार नाही. आत दोन तुकड्यांचं, स्प्रिंगवालं फ्लायव्हील आहे आणि ते महाग आहे.

रिव्हर्सचं वेगळं बघा. या गाडीत दांडा खाली दाबून डावीकडे पुढे न्यायचा असतो. तुम्ही रिव्हर्स टाकता आणि पडतो पहिला, असं होत असेल तर दोष क्लचचा नाही. बॉक्सच्या वर दोन केबल येतात, त्यांच्या टोकाला प्लॅस्टिकचे बुश आहेत. वीस वर्षांत ते वाळून चुरा होतात. एकाला आत बसवून दांडा हलवायला सांगा आणि बॉनेटमधून बघा. आत दांडा हलतोय आणि इथे लिव्हर उशिरा किंवा अर्धवट हलतोय, तर झालं निदान. बुश घालून, पिन लावून केबल सेट करायच्या. वस्तू छोटी आहे, पण गिअर टाकताना गाडी पुन्हा नवी वाटते. ॲक्सिलरेटर सोडल्या-दाबल्यावर दांडा पुढेमागे नाचत असेल तर खालची माउंटिंग बघा.

बॉक्स खरोखर गेलाय हे कसं ओळखायचं? फक्त एकच गिअर खर्र करतो. बहुतेक वेळा दुसरा, तोही तिसऱ्यावरून खाली घेताना. बाकीचे सगळे शांत. तेव्हा त्या गिअरचा सिंक्रो झिजलाय. सगळेच गिअर अडतात तेव्हा सगळे सिंक्रो एकाच दिवशी मेले असं होत नाही. न्यूट्रलला घरघर आहे आणि क्लच दाबला की थांबते, तर बॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवताना दाबणारं बेअरिंग. आणि इंजिन बंद करताना खालून खडखड असा दणका येतो, तर फ्लायव्हील.

बॉक्समधलं तेलही एकदा विचारा. आपल्याकडे "गिअर ऑइल" म्हटलं की दुकानदार ९० नंबरचा डबा पुढे करतो. या बॉक्सला ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं, साधारण २ लिटर लागतं. नुसतं ९० घातलेली गाडी थंडीतल्या सकाळी दुसरा गिअर घेताना हट्ट करते आणि गरम झाली की शहाणी होते.

क्लच घसरतोय का, तेही बघून ठेवा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, आरपीएम दोन हजारच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. या टर्बो इंजिनाचा २१० न्यूटन-मीटरचा जोर १७५० आरपीएमलाच येतो, त्यामुळे घसरणारी प्लेट इथेच उघडी पडते: काटा वर पळतो, गाडी जागेवरच रेंगाळते. आधीच्या मालकाने रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) केलं होतं का, हेही त्याला फोन करून विचारा. कंपनीत ही गाडी १५० पीएसची होती, आणि लोक इंजिनची ताकद वाढवतात पण क्लच तोच ठेवतात.

हे सगळं बघूनही बॉक्स उतरवायची वेळ आलीच तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकत्र बदला. क्रँकचं मागचं सील आणि बॉक्सच्या शाफ्टचं सील तेव्हाच घाला, कारण नव्या प्लेटवर तेल उडालं तर सगळी मजुरी पुन्हा. फ्लायव्हील हाताने फिरवून आणि हलवून त्यात किती ढिलाई आहे ते स्वतः उभं राहून बघा. ते लेथवर फेसिंगला (घासून सपाट करायला) देऊ नका, या प्रकारच्या फ्लायव्हीलला ते चालत नाही. एकसंध फ्लायव्हील घालून पैसे वाचवणारे आहेत. चालतं, पण न्यूट्रलला बॉक्स खडखडतो आणि तो आवाज मला सहन होत नाही. सामान मागवताना चॅसिस नंबर द्या. ‘ऑक्टाव्हियाचा क्लच’ एवढंच सांगितलंत तर डिझेलचा येईल. या गाड्या तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्यात जुळल्या (आपल्या शेंद्रे फाट्याशी घोळ नको), पण म्हणून सुटे भाग सहज मिळतात असं नाही. पुण्याहून यायला वेळ लागतो, हे धरून चला.

राहिला रविवार. पायडल मारून गिअर पडत असतील तर कासला ही गाडी नेऊ नका. यवतेश्वरचा चढ जाईल एकवेळ, पण उतरताना क्लच सुटला नाही तर खालचा गिअर घेता येणार नाही, सगळा भार ब्रेकवर येईल, आणि ब्रेकमध्ये तेच जुनं, ओल धरलेलं तेल आहे. ते तापून उकळलं की ब्रेकचं पायडलही मऊ. क्लच घसरत असेल तरी नको, फुलांच्या दिवसांत त्या घाटात गाड्या इंच-इंच सरकतात. फक्त दुसरा गिअर थंडपणी अडत असेल, बाकी सगळं ठीक असेल आणि तेलाची पातळी बरोबर असेल, तर खुशाल जा. पायडल भराभर मारायची आणि बंद इंजिनाची चाचणी करून काय झालं ते खाली लिहा, पुढचं तिथे बोलू.