गाडीचं गिअर ऑइल किती किलोमीटरला बदलावं?

आधी गाडीचं मॅन्युअल उघडा, मॉडेलनुसार आकडा बदलतो. साधारणपणे मॅन्युअल गिअरबॉक्सला ६० ते ८० हजार किलोमीटर, ऑटोमॅटिकला ६० हजारांच्या आसपास, सीव्हीटीला (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिकचाच एक प्रकार) त्याहून थोडं लवकर.

पण आपलं सोलापूर! मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, त्यात भर गर्दीत रांगत चालवणं, नाहीतर गाडी भरून तुळजापूरचा घाट. उष्णतेनं ऑइल लवकर खराब होतं, म्हणून ऑटोमॅटिक असेल तर मी ५० हजारांपुढे थांबत नाही. ऑइल काळपट दिसलं, जळका वास आला किंवा गिअर पडताना झटका बसला, तर आकड्याची वाट न बघता तपासून घ्या.

ऑइल मात्र कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच. ‘कुठलंही चालतंय की’ म्हणणाऱ्या मिस्त्रीकडं सीव्हीटी तर अजिबात नेऊ नका.