वहीतले एकसारखे आकडे

"मॅडम, आई सारखी चिडते, रडते, मशीनला हात लावत नाही. हे डिप्रेशन तर नाही ना?" जळगावात मधुमेहींसोबत काम करताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. या वेळी तो यावल तालुक्यातल्या एका केळी-उत्पादक तरुणाचा होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्याची आई, म्हणजे या मावशी, वय 54, साखर 9 वर्षांपासून. सोबत वही आणली होती. उपाशीपोटी 128, 130, 126, 130... दीड महिना एकाच शाईत, एका बैठकीत लिहावे तसे आकडे. ग्लुकोमीटरची मेमरी पाहिली, तर शेवटची तपासणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशीची: 268. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, 8.9. वहीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. फक्त मुलाला बाहेर बसायला सांगितलं.

आधी नैराश्याची चाचणी, पीएचक्यू-9. 27 पैकी 6 गुण. 10 किंवा जास्त असते, किंवा 'जगावंसं वाटत नाही' असं एकदाही आलं असतं, तर मी थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. पण मावशी नातवात रमत होत्या, बागेत जात होत्या.

मग मधुमेहाच्या ताणाची 17 प्रश्नांची चाचणी घेतली. ही 2005 मध्ये तयार झाली. प्रत्येक उत्तराला 1 ते 6 गुण, मग सरासरी. 3 किंवा जास्त म्हणजे ताण मोठा. मावशींची आली 2.8. म्हणजे 'मध्यम'. पुष्कळ ठिकाणी कागद इथेच फाइलला लागतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. या प्रश्नांचे चार गट आहेत. डॉक्टरांबद्दल 1.3, पथ्य-औषधांबद्दल 2.4, मनावरच्या ओझ्याचे 2.8. घरच्या माणसांबद्दल 5.3!

"साखर वाढनी का सगळा मनाकडेच दखतस," मावशी अहिराणीत म्हणाल्या (साखर वाढली की सगळे माझ्याकडेच बघतात) आणि पदर डोळ्यांना लावला.

आखाजीला लेकी माहेरी आल्या होत्या. खापरावरच्या पुरणपोळ्या मावशींनीच केल्या, सकाळपासून चुलीपुढे बसून. स्वतःच्या ताटात एक घेतली, तर पंगतीतच कोणी म्हणालं, "आई, साखर!" दुसऱ्या दिवशी मुलाने 268 हा आकडा जावयांसमोर मोठ्याने वाचला. तेव्हापासून पट्टी डबीतच आणि वही भरलेली. डॉक्टर मात्र त्याच वहीवर विसंबून गोळ्या ठरवत होते.

मुलाला आत बोलावलं. त्याने वडिलांचं डायलिसिस पाहिलं होतं. तो घाबरलेला होता. त्याची भीती आईच्या कानावर पहिल्यांदाच पडली. ठरलं इतकंच: आकडा आईचा, तिने सांगितला तर ऐकायचा. 70 च्या खाली किंवा सलग दोनदा 300 च्या वर गेला, तर मात्र तिनेच लगेच सांगायचं. आणि संध्याकाळी 'किती आली?' विचारण्याऐवजी तिच्यासोबत बांधापर्यंत चालून यायचं.

तीन महिन्यांनी घरच्या माणसांचा गट 2.3 वर आला. डॉक्टरांनी खऱ्या आकड्यांवरून औषध बदललं होतं. मावशींनी वही स्वतःहून पुढे केली. दोन-तीन पेनांची शाई, मध्ये कोरे दिवसही. एका ओळीवर लिहिलं होतं: '241. पोळा. पुरणपोळी दीड.'